क्रमांक सात उपलब्ध नाही

अक्का, तू गेलीस त्या दिवशी सबंध चामराजपेट बंद होतं, असं मी आतापर्यंत चाळीसेक माणसांना सांगून बसलोय. फुलवाल्यांनी टोपल्या झाकल्या, रिक्षावाले रांगेने उभे राहिले, आणि आपल्या गल्लीतल्या देवळाची घंटा कुणी हात न लावता तीनदा वाजली. लोक ऐकतात, मान हलवतात. एकदोघांनी तर डोळे पुसले. तू असतीस तर चष्म्यावरून बघून धाकट्या भावाला एवढंच विचारलं असतंस, "तम्मा, वार कुठला होता?"

सोमवार होता, अक्का. दुकानं उघडी होती. तुझी गाडी सिग्नलला अडकली आणि मागच्या बसवाल्याने हॉर्न मारला.

आता मला वार विचारणारं कुणी उरलं नाही. तेराव्याला के. आर. पुरमच्या तुझ्या घरी मी बोलायला उभा राहिलो, आणि सांगितलं की अक्का कागदाला पडलेली भोकं नुसती बघून किड्याचं गाव, कूळ आणि वय सांगायची. सगळे हसले. मी मध्येच थांबलो. साठ वर्षांची सवय ना, तिथे तुझा "ऐकीव!" यायचा होता. माझ्या लग्नात भर पंगतीत तू तो शब्द उच्चारला होतास आणि सासरे पानावरून उठता उठता राहिले होते. (उठले नव्हते. वळले होते फक्त.) तेराव्याला तो शब्द आला नाही, आणि त्या रिकाम्या जागेत मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. शेवटी तुझ्या जावयाने मला खुर्ची दिली.

लोकांना वाटायचं तू अभिलेखागारात बसून जुने कागद वाचतेस. तू चिडायचीस. वाचणारे वेगळे, म्हणायचीस, मी वर्णन लिहिते. गठ्ठा आला की पानं मोजायची, भाषा, लिपी, बांधणी, कुणी दिला, कुठे ठेवलेला होता, किती कुरतडलाय. जे पाहिलं ते पाहिलं म्हणून, जे ऐकलं ते ऐकीव म्हणून. तिसरा प्रकार तुझ्या घरात चालत नव्हता. स्वयंपाकघरात सुद्धा नाही. तुझ्या बरणीवर चिठ्ठी असायची: 'लिंबाचं लोणचं. अंदाजे पाऊण बरणी. तळ पाहिलेला नाही.' परवा तुझ्या लेकीने ती बरणी रिकामी केली. चिठ्ठी काढायला गेली तर मी तिच्यावर ओरडलो, म्हातारा माणूस, कशावरही ओरडतो.

आणि मी? आपण सोळाशेच्या सालात फौजेबरोबर तंबू शिवत शिवत इकडे कानडी मुलखात आलो, फौज परत फिरली तेव्हा आपला मूळपुरुष काज करत बसला होता, काज अर्धं टाकून उठणार कसा, म्हणून आपण इथले झालो, हे मी पन्नास वर्षं सांगतोय. तू विचारायचीस, "कागद?" मी म्हणायचो, "कागद तंबूत राहिला." तू म्हणायचीस, "सरी." आपल्या घरात सरी, म्हणजे बरं, म्हटलं की भांडण संपतं असं मला वाटायचं. तुझी सरी म्हणजे फाइल उघडी राहिली, हे कळायला तुला जावं लागलं.

हे सगळं लांबण लावतोय कारण सातव्या वहीकडे जायला पाय उचलत नाहीत.

वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून सांगतो. आमचं पुरुषांचे कोट-पँट शिवायचं दुकान. तीन पिढ्या. गिऱ्हाइकांची मापं ज्यात उतरवायची त्या मापवह्या एकोणीस. पणजोबांच्या मोडीत, आजोबांच्या अर्ध्या मोडीत अर्ध्या बाळबोधीत, आणि सातवीपासून पुढे वडिलांच्या, अप्पांच्या हातच्या. अर्ध्या शहराची छाती, कंबर आणि बाही आमच्या फळीवर ओळीने उभी होती. आणि आमची आई? मी सहा महिन्यांचा असताना ती गेली. अक्का चार वर्षांची. आईचा फोटो नाही. लुगडी वाटली गेली. तुला आईचं काय आठवतं विचारलं की तू म्हणायचीस, "काही नाही." दुसरी कुणी असती तर एखादा हात, एखादा वास बनवून तरी ठेवला असता. मी बनवलाच होता. आई इतकी उंच होती की वरच्या कोनाड्यातला दिवा जमिनीवर उभं राहून लावायची, असं मी तुला सांगितलं होतं. तू दहा वर्षांची, मी सहाचा. तू म्हणालीस, "तुला कसं माहीत?"

मग अप्पा आजारी पडले. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी तुझा हात धरला आणि म्हणाले, "तुझ्या आईचं माप सातव्या वहीत आहे. मी स्वतः घेतलेलं. जन्मात एकच ब्लाउज शिवला मी."

तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला. मी कॉटच्या पायथ्याशी थर्मास धरून उभा होतो. आणि मला माहीत होतं की सातवी वही फळीवर नाही.

अप्पा गेले. त्यांचे दिवस होईपर्यंत तू थांबलीस. मग दुकानात आलीस. मी अठरा वह्या जुन्या अस्तराच्या कापडात बांधून ठेवल्या होत्या. तू गाठ सोडलीस, एकेक वही बाजूला केलीस, सहा, आठ, आणि माझ्याकडे बघितलंस.

"सातवी पाण्यात गेली," मी म्हणालो. आणि मग जे सुरू झालो! मोरी तुंबली, पाणी उंबऱ्यावरून आत, कात्री पोहतेय, इस्त्री बुडालीय, वही तरंगत रस्त्यावर, मी मागे, वही पुढे, मार्केटपर्यंत पाठलाग केला अक्का, बोटं लागली होती तिला, बोटं! तू शांतपणे ऐकलंस. विचारलंस, "कुठल्या वर्षी?" मी वर्ष ठोकून दिलं. तू आठव्या वहीच्या पुठ्ठ्यावरून, कडेवरून, खालच्या कोपऱ्यावरून हात फिरवलास. मला वाटलं अप्पांची आठवण आली.

"सरी," म्हणालीस, आणि गठ्ठा उचलून गेलीस.

निवृत्त झाल्यावर तू त्या वह्या आपल्याच अभिलेखागाराला दिल्यास आणि त्यांचं वर्णन करायला आठवड्यातून दोनदा जाऊन बसलीस. मग एक दिवस तुझा फोन आला. "तम्मा, आपल्या वह्या वेबसाइटवर आल्या. एकदा उघडून बघ." मी म्हणालो, डोळ्यांत थेंब घातलेत. पुढच्या महिन्यात पुन्हा. मी म्हणालो, नेट स्लो आहे. नंतर नंतर तू फक्त म्हणायचीस, "बघितलंस?" आणि मी दुसऱ्याच कशावर सुरू व्हायचो. कारण सोपं होतं. बरणीचा तळ पाहिला नाही तर तसं लिहिणारी बाई तू. तुझ्या त्या स्वच्छ कामात, तुझ्या नावाखाली, माझा पूर वाहत असणार. जगात कुणीही उघडावं आणि वाचावं. मला ते बघायचं नव्हतं.

तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. शोधाच्या चौकटीत आईचं नाव घातलं: अंबूबाई. शून्य नोंदी. 'ब्लाउज.' शून्य. 'पूर.' शून्य! अक्का, मला केवढं हलकं वाटलं. 'मापवही' घातलं, अठरा नोंदी आल्या. प्रत्येक उघडली. 'मापवही क्र. ६. मोडी व बाळबोध. कापडी बांधणी. कडा कुरतडलेल्या. मागील पाच पाने कोरी.' मग थेट आठ. सातवर एक अक्षर नाही. वाचलो म्हटलं, आणि कॉफी करायला उठलो. दूध उतू गेलं तोवर राग येऊन बसला होता. एवढी कोरी पानं मोजलीस, आणि आई ज्यात होती त्या वहीबद्दल एक ओळ नाही? तशी वही कधी नव्हतीच?

भांडायला तू नव्हतीस म्हणून मी अभिलेखागारात जाऊन भांडलो. तुझ्या टेबलाशी आता स्नेहल बसते, निपाणीची, तू तयार केलेली. मी कोण ते सांगायच्या आधीच आवाज चढवला. तिने मला पाणी दिलं.

"काका, शोधलासा कसं?"

सांगितलं.

"तिथंच चुकतंय बघा. सगळे तसंच करतात. शोधपेटी वहीत बघत नाही ओ. मॅडमनी वहीबद्दल जे लिहिलंय त्यात बघते. वहीत तुमचं नाव हजारदा असूंदे, वर्णनात नसलं की शून्य. शून्य म्हणजे नाही असं नव्हं."

"आणि सातवी?"

"तुम्ही खालचा मजला बघून परत आलासा. वर चढा की."

मला वाटलं जिना दाखवतेय. ती स्क्रीनवर बोट ठेवून होती. वर्णन मजल्यामजल्याचं असतं म्हणाली. सगळ्यात खाली एकेक वही, तिच्या डोक्यावर वह्यांची मालिका, तिच्या वर सगळा संग्रह. जे एका वहीपुरतं ते खाली. जे सगळ्यांना मिळून लागू ते एकदाच, वर. "जी वहीच नाही तिला खालचं पान कुठलं असणार? ती वरच्या पानावर." वहीच्या नावाच्या वर एक बारीक ओळ होती, 'याचा भाग'. मी अठरा वेळा ती बघितली होती आणि अठरा वेळा सोडून दिली होती. तिने त्यावर टिचकी मारली.

तुझा मजकूर मला पाठ झालाय. अलंकार न घालता उतरवतो:

'मापवह्या, क्र. १ ते १९. प्रत्यक्ष नग अठरा. क्रमांक मूळ दुकानातले, बदललेले नाहीत. क्र. ७ उपलब्ध नाही. दुकानात पाणी शिरून वही वाहून गेली असे देणारीच्या धाकट्या भावाचे म्हणणे. ऐकीव. वह्या एकाच फळीवर क्रमाने ठेवलेल्या असत. क्र. ६ व क्र. ८ यांवर पाण्याच्या खुणा आढळल्या नाहीत.'

मी दोनदा वाचलं. मग मला तुझा हात आठवला, आठव्या वहीच्या खालच्या कोपऱ्यावरचा.

स्नेहल हसत होती, बिचारीला काय माहीत. "हे वाचून आम्ही सगळे लई हसतो ओ काका. म्या मॅडमला म्हटलं पण, थापा मारतोय म्हणून सरळ लिहा की. तर म्हणाल्या, थाप मारतो हे मी पाहिलेलं नाही. खुणा नाहीत हे पाहिलंय." मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. "धाकटा भाऊ... तुम्ही?"

"मी," म्हटलं.

ती खाली बघत म्हणाली, "इथं अजून एक ओळ आहे." होती. 'अधिक माहिती मिळाल्यास नोंद दुरुस्त करावी.' "मॅडम असं दुसऱ्या कुठल्याच नोंदीत लिहीत नव्हत्या."

अक्का, तुला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. त्यानंतर वीस-बावीस संक्रांती तू मला तिळगुळाचं एळ्ळु-बेल्ल दिलंस, माझे इकडेतिकडे पडलेले शर्ट सरळ करून घड्या घातल्यास, आणि मी तुझ्यासमोर, लोकांसमोर, तो पूर दरवर्षी दोन फूट वाढवत गेलो. गेल्या वर्षी त्यात मी एक म्हैस घातली होती. तू पोहे खात होतीस. मान वर केली नाहीस. का विचारलं नाहीस? एकदा कानाखाली का नाही दिलीस? मी तुझ्यावर अजून चिडलोय, हे लिहून ठेवतो. तू वाट बघत होतीस म्हणतेस? तुझी वाट बघायची रीत फार वाईट होती. वेबसाइटवर चिठ्ठी लावून कुणी भावाची वाट बघतं का?

बघत होतीस. 'बघितलंस?' म्हणून विचारत होतीस. मी थेंब घालत होतो.

तर आता ऐक. तुला हे कुणी सांगितलेलं नाही.

पूर आला नव्हता. अप्पा आजारी पडायच्या आधी तीन-चार महिन्यांची गोष्ट. मी तेव्हा पीण्या नावाच्या औद्योगिक भागात कारखान्या-कारखान्यांतून बेअरिंग विकत फिरायचो. एका वर्कशॉपच्या मालकाला मी सांगून बसलो की आमच्या गिऱ्हाइकांत एक पैलवान होता, छाती अठ्ठावन्न इंच, अप्पांची टेप संपली म्हणून शेजारून दोरी आणावी लागली. तो म्हणाला, दाखव. मी म्हणालो, उद्या आणतो. सकाळी फळीवरून सातवी वही काढली, पिशवीत घातली, बसमध्ये बसलो आणि पैलवान शोधायला लागलो. सापडला. चव्वेचाळीस.

तोंड पडलं माझं. वही बंद करणार, तेवढ्यात बोटाने पुढचं पान उलटलं. अप्पांचं पेन्सिलीतलं अक्षर. वर फक्त 'अंबू'. आडनाव नाही, पत्ता नाही, गिऱ्हाइकांसारखं काही नाही. पाठ तेरा, खांदा तेरा, दंड नऊ, छाती तीस. मग तीस खोडून बत्तीस. बत्तीस खोडून चौतीस. आणि बाजूला समासात, उभं: 'सैल ठेवणे.'

मी शिंप्याचा मुलगा आहे, अक्का. एकाच बाईचं माप असं का वाढत जातं ते मला बसमध्येच कळलं. पानावर अप्पांनी महिना घातला होता. तुझ्या जन्माच्या आधी चार महिने. त्या पानावर आई एकटी नव्हती. तू होतीस. तुला जागा व्हावी म्हणून अप्पा शिवण उसवत होते.

आणि आई उंच नव्हती गं. तेरा पाठ, तेरा खांदा. लहानखुरी, तुझ्यासारखी. तू पाठमोरी उभी राहिलीस की जी दिसायचीस, तीच. साठ वर्षं आरशात बघून तू विचारत राहिलीस की मी कुणासारखी, आणि शेवटची वीस वर्षं मला उत्तर माहीत होतं, इंचांत माहीत होतं. सांगायचं तर पान पाहिलं हे सांगावं लागलं असतं, आणि मग पान कुठंय हे.

माझे डोळे भरले. रुमाल काढायला वही सीटवर ठेवली. कंडक्टर ओरडला, "पीण्या, पीण्या! बेग इळीरी!" आणि मी उतरलो. बस गेली तेव्हा हातात फक्त रुमाल होता.

इथे मी आजवर स्वतःलाही सांगत आलोय की मी बसमागे धावलो. धावलो नाही. वर्कशॉपमध्ये गेलो, चहा घेतला, आणि त्या माणसाला सांगितलं की वही अक्काकडे आहे, ती हात लावू देत नाही.

तिसऱ्या दिवशी डेपोत गेलो. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत एक जाडजूड गृहस्थ रजिस्टर घेऊन बसला होता. "हेगिदे सार, पुस्तक?" कसं आहे विचारत होता. रंग? पानं? वर काय लिहिलंय? मला एकही सांगता येईना. आयुष्यभर त्या वह्यांवर गोष्टी रचल्या, एकही वही नीट पाहिलेली नव्हती. मी पैलवानाची गोष्ट सुरू केली. तो हसला. त्याच्या मागे मांडणीवर छत्र्या, डबे, पिशव्या आणि कागदांचा ढीग होता. त्याने लिहिलं, 'जुनं पुस्तक, एक', आणि म्हणाला, "स्वल्प दिवस बिट्टु बन्नी." काही दिवसांनी या. मी गेलो नाही. तू त्या खिडकीत उभी असतीस तर तीन ओळी बोलली असतीस आणि त्या माणसाने ढिगातून वही काढून हातात दिली असती. ती तिथे होती असं मी म्हणत नाही. ढीग मी पाहिला, त्यात काय होतं ते पाहिलं नाही.

हे सगळं मी स्नेहलला सांगितलं. मग तिने कीबोर्ड पुढे ओढला.

"नोंद दुरुस्त करूया काय?"

"मॅडमचं लिहिलेलं पुसणार?"

"पुसत नाही ओ. खाली जोडतो. तुमचं नाव येणार पण. चालंल?"

"चालंल."

"पानं किती?"

एकशे वीस, असं जिभेवर आलं होतं. "मोजली नाहीत," म्हटलं.

"पुठ्ठा?"

"लाल... नाही. आठवत नाही."

"आठवत नाही असंच लिहू?"

"तसंच लिही."

"हरवली कशी?"

"मी बसमध्ये विसरलो. शोधायला उशिरा गेलो. नीट शोधली नाही."

तिची बोटं हळू चालत होती. आईच्या पानावर आलो तेव्हा मी आकडे सांगितले, खोडलेले आणि न खोडलेले, ओळीने. समासातले दोन शब्द सांगितले. एवढ्याशा मजकुराला मला फार वेळ लागला. मोठं करून सांगायची गोष्ट मला फटाफट येते. ही येईना.

"आता शेवटची चौकट," ती म्हणाली. "उल्लेखित व्यक्ती. आईंचं नाव घातलं. अजून कुणी?"

मी तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, सुमित्रा, माहेरच्या आडनावासकट.

ती थांबली. "मॅडमचं नाव वर्णन लिहिणारी म्हणून वर आहे की ओ."

"ते राहू दे. इथंही घाल. आईच्या शेजारी."

तिने घातलं. मग मी शोधाच्या चौकटीत पुन्हा 'अंबूबाई' घातलं: एक नोंद.